बुधवारची निर्जळी

सोमवारी उपास करणारे पुष्कळ पाहिले. गुरुवारी करणारे पाहिले, शनिवारी मारुतीला तेल घालून रात्री भगर खाणारे तर आमच्याच घरात होते. बुधवारी उपास करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही साधा उपास नव्हे, निर्जळी. वैशाखातल्या लातूरच्या उन्हात, ऐंशीच्या घरात पोचलेला तो म्हातारा लेकीच्या ओट्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाण्याच्या थेंबाशिवाय बसून राहायचा. ओठांना चिरा पडायच्या. लेक आधी चिडायची, मग रडायची, आणि मी भेटायला गेलो की मला धरायची.

"काका, तुमी तरी सांगा की यान्ला. कोन्त्या देवाचा हाय हा उपास? जंगमस्वामींना इचारलं, ते म्हनले आपल्यात असला उपासच न्हाई."

तो म्हातारा म्हणजे आमचे आप्पा. आप्पा माझ्याकडं बघत नसत आणि मी त्यांच्याकडं बघत नसे. तो उपास कुणासाठी होता हे त्या ओट्यावर आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता आप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. सांगायला हरकत नाही. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. नांदेडहून लातूरकडं निघालं आणि लोहा मागं टाकलं की लागणारं तालुक्याचं एक ठाणं, एवढं पुरे. या गोष्टीत जी पंगत येते तिला जे होते त्यांची नातवंडं आज चांगल्या नोकऱ्यांवर आहेत. माझीही आहेत.

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, पण ते राज्याला ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. सरकारी कागदात खुर्दादचा महिना चालायचा आणि आमच्या अंगणात वैशाख. मी बलदियात, म्हणजे आताच्या भाषेत नगरपालिकेत, नवा अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकून, फक्त उर्दूतून. आप्पा तिथले दरोगा. दरोगा म्हटलं की लोकांना पोलीस आठवतो. हे सफाईचे दरोगा. गटारं, दिवे, विहिरी आणि बाजारातली पाणपोई एवढी त्यांची हुकमत.

उदगीरकडचे लिंगायत. उंच, मोठ्या हाडाचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या आत गळ्यात लिंग, आणि कानाकडं निघालेल्या भरघोस मिशा. उजव्या हातात छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही, पावसातही नाही. तिनं ते गटारं मोजत. "हितं दीड छत्री गाळ हाय," असं भर सभेत सांगत, आणि मी ते उर्दूत लिहून घेत असे. आमच्या दप्तरात गाळाचं माप कित्येक वर्षं छत्रीतच होतं, आणि कुण्या वरिष्ठानं त्याबद्दल कधी विचारलं नाही. रागावले की कानडीत शिरत. कानडी आम्हाला कळत नसे, त्यामुळं त्यांच्या निम्म्या शिव्या वाया जात.

डाव्या हातात तांब्या. पितळी, तोंडाला ओलं फडकं बांधलेला, घरच्या आडाच्या पाण्यानं भरलेला. कचेरीत तो तांब्या, तहसिलीत तो तांब्या, दौऱ्यावर बैलगाडीत मांडीत धरलेला तो तांब्या.

"आप्पा, सासुरवाडीलाही नेता का हो?" आम्ही विचारायचो.

"नेतो की. त्यांच्या हिरीचं पानी जड हाय."

आप्पांचं पोट नाजूक आहे, असं आमचं ठरून गेलं होतं. माणूस रोज डोळ्यासमोर असला की त्याच्याबद्दल एकदा जे ठरवलं ते पुन्हा कोण तपासतो? बाहेरचं ते एकच खात, बुधवारच्या बाजारात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. कोटाचे दोन्ही खिसे भरून घ्यायचे आणि बाजारभर टरफलं टाकत हिंडायचे. सफाईचा दरोगा कचरा करतो म्हणून आम्ही हसायचो. एकदा ते म्हणाले होते, "शेंगंचं बरं असतंय पंत. टरफलाच्या आतलं कुनी शिवल्यालं नसतं." त्यावरही आम्ही हसलो होतो. मला ते पंत म्हणत. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं.

पण आप्पांचा खरा नाद वेगळा होता. तहसिलीच्या मागच्या अंगाला छोटं जेल होतं. ज्याची सजा संपायची त्याला सकाळी सोडत. त्या सकाळी आप्पा फाटकासमोरच्या लिंबाखाली हजर. त्यांच्या कामाचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. जमादाराकडून आदल्या दिवशी खबर काढून ठेवायचे. सुटलेला माणूस उन्हात डोळे बारीक करत बाहेर आला की त्याला एकच प्रश्न विचारायचे, "कुठं चाललास?" आणि तो सांगेल ते एका वहीत लिहून घ्यायचे.

ती वही पुढं माझ्याकडं आली. मोडीत एकेक ओळ. "बहिणीकडं, ठेवून घेईल असं वाटत नाही." "धर्माबादेला हमालीला, ओळख कुणाची नाही." "विष्णुपुरीला, नदीवर, पुढं बघू." आणि पानंच्या पानं नुसतं "माहीत नाही."

"सरकारनं याला धरलं," ते मला म्हणायचे, "तवा त्येचं गाव, बाप, जात, पाठीवरचा तीळ, समदं लिवून घेतलं. सोडताना कुनी इचारलं का, बाबा कुठं जानार? मेंढरू सोडलं तरी धनी बघतोय कुठं जातंय ते."

आणि विचारणारं कुणी नसलं तरी वाट पाहणारं एक ठिकाण होतंच. गाव नाही, घर नाही, काम नाही, असा सुटलेला माणूस पोलीस ठाण्याच्या यादीत जायचा. मग तालुक्यात कुठंही कडबा जळाला, कोंबडी गेली, की पहिली लाथ त्याला. आप्पांचं म्हणणं असं की हे काम गावाचं आहे. सरकार हैदराबादेत बसतं, त्याला रामा ठाऊक नाही आणि गोविंदा ठाऊक नाही. गावाला ठाऊक आहेत, तेव्हा गावाच्या बलदियानं त्यांना हाताशी धरावं. या विषयावर त्यांनी किती अर्ज लिहिले याची मोजदाद नाही. ते अर्ज मीच फायलीत बांधायचो आणि फडताळात टाकायचो.

वर रामा म्हणालो तो काही नुसता बोलण्यातला नव्हे. रामा खराच होता. लोह्याकडच्या एका खेड्यातला धनगर. बांधावरून चुलत्याशी जुंपली, काठी डोक्यात बसली, चुलत्याचा एक डोळा गेला. तीन वर्षांची सजा झाली. सजेतली शेवटची दोन वर्षं तो आमच्या जेलात होता. त्या काळी कैद्यांना सकाळी बाहेर काढून बलदियाच्या कामाला लावायची पद्धत होती. रस्ते झाडायचे, तहसीलदाराच्या बागेला पाणी घालायचं आणि उन्हाळ्यात बाजारातल्या पाणपोईचे रांजण भरायचे. बलदियाला फुकटात माणसं मिळायची, कैद्यांना उजेड दिसायचा, आणि सगळे खूश असायचे.

पाणपोई रामाकडं आली. पायात बेडी, कमरेला साखळी, बाजूला जमादार सावलीत विडी ओढत बसलेला. रामा विहिरीचं पाणी शेंदायचा, रांजण लिंबाच्या पाल्यानं घासायचा, आत वाळ्याची जुडी टाकायचा. वाळा त्यानं आप्पांकडं मागून घेतला होता. येईल त्याच्या ओंजळीत ओगराळ्यानं बेतानं पाणी सोडायचा, एक थेंब सांडायचा नाही. दोन उन्हाळे गाव त्याच्या हातचं पाणी प्यालं. कापडवाल्या मेंबरांचा नोकर तर दुकानाची घागर तिथूनच भरून न्यायचा. बायका म्हणायच्या, "रामाच्या हाताला गोडी हाय गं." मी स्वतः रोज प्यालो आहे. ते पाणी गोड होतं.

आणि मग एका माघातल्या सकाळी रामा सुटला.

"कुठं चाललास?" आप्पांनी लिंबाखाली विचारलं.

"कुठं जाऊ, आप्पा? भावकीनं नाव टाकलंय. मायनं सांगून धाडलंय, येऊ नगं म्हून. तुला दारात घेटलं तर मलाबी टाकतील म्हनली."

आप्पांनी वही मिटली. वहीत त्या दिवशी काहीच लिहिलेलं नाही. "मग हितंच ऱ्हा," ते म्हणाले. "तेच काम कर. आता पगारी."

बलदियाच्या सभेत यावरून चांगलाच धुरळा उडाला. कापडवाले म्हणाले, जेलातल्या भांड्यात जेवलेला माणूस, कुणाच्या हातचं खाल्लं याचा पत्ता नाही, जातीनं टाकलेला, त्याच्या हातचं पाणी गावानं कसं प्यावं? आप्पा उभे राहिले. सभेत ते कधीच बसत नसत.

"दोन उन्हाळे तुमी त्येच्याच हातचं प्यालात. काल बेडी होती, आज न्हाई. पानी तेच हाय, हात तोच हाय. मग बाटलं काय, बेडी सुटल्यानं बाटला का त्यो?"

खरं बोललं की माणसं जास्तच चिडतात, तशी सभा चिडली. तहसीलदार अध्यक्ष होते. हैदराबादचे, सज्जन आणि आळशी. त्यांनी दोन्हीकडच्या तोंडांकडं पाहिलं आणि म्हणाले, "एक महीना देखो, दरोगासाब. लोग पिएँ तो रखो. नहीं पिएँ तो जाने दो." उन्हाळा लागल्यावरचा पहिला महिना, असं ठरलं. तोवर रामानं गटारं काढायची.

चैत्रात पाणपोई उघडली. रामानं पहिल्या दिवशी पाच रांजण काठोकाठ भरले. संध्याकाळी पाचही रांजण काठोकाठ होते. लोक समोरून जायचे, ओठ चाटायचे आणि पुढं मारुतीच्या विहिरीवर जाऊन स्वतः शेंदून प्यायचे. बेडी होती तोवर ते पाणी सरकारचं होतं. बेडी सुटली आणि ते रामाचं झालं. रामा रोज सकाळी आदल्या दिवसाचं पाणी झाडांना घालायचा आणि रांजण पुन्हा घासायचा. त्याला एकदा म्हणालो, "अरे, कुणी प्यालंच नाही, मग कशाला घासतोस?" तो म्हणाला, "न्हाई प्याले तरी शिळं व्हतंच की ते."

मी काय केलं? मी घरून पिऊन येऊ लागलो.

महिन्यातले पंधरा दिवस असे गेले आणि आप्पांना दौऱ्यावर एक पंगत दिसली. लोह्याच्या पलीकडच्या एका खेड्यात विहीर तपासायला गेलो होतो. चावडीपुढं माणसं जमली होती. एकाच्या हातून गाय दगावली होती, म्हणून वर्षभर त्याला जातीबाहेर ठेवलं होतं. आज त्याला परत घेणार होते. पानं मांडली, पंच बसले. तो माणूस पाण्याचा तांब्या घेऊन मुख्य पंचापुढं आला. पंचानं ओंजळ पुढं केली, तो ओतत गेला, पंच घटाघटा प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "बस खाली. वाढा रं." एवढंच. मग सगळे जेवले. जेवता जेवता एकानं त्या माणसाला बैलाचा भाव विचारला आणि दोघं भांडायला लागले, जसं काही मधलं वर्ष झालंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर आप्पा बैलगाडीत उभेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मला छत्रीनं ढोसत होते.

"पाह्यलं का, पंत? मिशा पुसल्या अन् संपलं! ह्ये आपल्याकडं न्हाई. सरकार सजा देतंय, पंगत देत न्हाई. म्हून सजा संपतच न्हाई कुनाची. बलदियानं पंगत द्यायची, पंत. सुटंल त्येची पंगत. गावानं त्येच्या हातचं पानी प्यायचं, मिशा पुसायच्या, अन् संपलं!"

आजही मला वाटतं, याहून शहाणं बोलणं मी कुण्या कलेक्टराच्या तोंडून ऐकलं नाही.

पंगत बुधवारी ठरली. बुधवार बाजाराचा, म्हणजे खेड्यापाड्याची माणसंही बघतील. जागा पाणपोईसमोरचा लिंब. स्वयंपाकाला ब्राह्मण आचारी, म्हणजे अन्नाला कुणी नाव ठेवायला नको. रामानं फक्त पाणी द्यायचं. आप्पा आठ दिवस छत्री घेऊन दारोदार हिंडले. कापडवाले, वकील, देशमुख, आडते, एकेकाला गाठून शब्द घेतला. जो कां-कू करी त्याला सांगत, "आधी मी पितो की. मग पंत. मग तुमी." हा शब्द सगळ्यांना पटला. दुसरा कुणीतरी आधी पिणार असला की पटतंच. गावकुसाबाहेरच्या वस्तीला मात्र आवतण नव्हतं. हे आप्पांच्या मोठ्या मनातही आलं नाही आणि माझ्या लहान मनात तर येण्याचा प्रश्नच नव्हता.

बुधवारी लिंबाखाली दोन ओळी बसल्या. चाळीसेक पानं. बाजार थांबून बघत होता. महिना संपायला तीन दिवस होते. रामानं दाढी केली होती, नवा पटका बांधला होता. त्याच्या पायात काही नव्हतं, तरी तो बेडी असल्यासारखी बारीक पावलं टाकत आला. आप्पा ओळीच्या तोंडाशी, शेजारी मी. आप्पांचा तांब्या त्यांच्या मांडीपाशी होता, फडकं बांधलेला. मी त्याच्याकडं पाहिलं आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या डोक्यात उजेड पडला. पोट नाजूक नव्हतं. सासुरवाडीच्या विहिरीचं पाणी जड नव्हतं, तिथल्या पाणक्याच्या गळ्यात लिंग नव्हतं. आप्पांनी दीक्षा घेतली होती, आणि लिंग न धारण करणाऱ्याच्या हातचं पाणी हा माणूस जन्मात प्यालेला नव्हता. कुणाच्याच नाही. माझ्याही नाही.

त्यांनी मनातल्या मनात ते पाणी शंभर वेळा पिऊन पाहिलं असणार. त्याशिवाय ते दारोदार असं बोलले नसते. मनात प्यायला काय लागतं?

रामा वाकला. "आप्पा," म्हणाला, आणि ओगराळं पुढं केलं. आप्पांचा उजवा हात उठला. ओंजळीकडं न जाता तो कोटाच्या गळ्यापाशी गेला, आतल्या लिंगावर दाबून राहिला. कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं.

"आज," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "आज माझा उपास हाय."

रामा हसला. त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलं असावं. "पानी चालतंय की उपासाला, आप्पा."

"निर्जळी हाय."

दर बुधवारी याच बाजारात खिसे भरभरून शेंगा खाताना त्यांना प्रत्येकानं पाहिलं होतं. शेंगावाली दहा हातांवर बसली होती. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या, कारण माझा नंबर दुसरा होता.

मी प्यालो असतो तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत इतक्यांदा विचारला आहे की आता त्याची धार गेली. ब्राह्मणाचं पोर प्यालं म्हटल्यावर दहा तरी प्याले असते. मला शिवाशिवीचं एवढं काही नव्हतं, दोन उन्हाळे मी तेच पाणी ढोसलं होतं. मला फक्त चाळीस जणांच्या देखत एकटं पडायचं नव्हतं. मी म्हणालो, "आमच्याकडं सोयर आहे," आणि पानावरून उठलो. दुसऱ्या दिवशी शेजारणी आईला विचारायला आल्या, कोण बाळंत झालं म्हणून.

माझ्यामागं वकील उठले, त्यांना अशिलाचं काम आठवलं. कापडवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. कुणी नुसतेच उठले. एवढ्यात जेलचा जमादार, म्हातारा पठाण, गर्दीतून पुढं आला. "ला रे, मेरेकू दे. दो बरस से तेरेच हात का पी रहा मैं," म्हणाला, आणि उभ्यानंच दोन ओगराळी पाणी प्याला. दाढी पुसली. त्या गावात त्या दिवशी शब्द न देताही प्याला तो एवढा एकच माणूस, आणि लोक त्यालाच हसले. आता तर भांडंही बाटलं, असं कुणीतरी म्हणालं, आणि ज्यांना उठायला कारण सापडत नव्हतं त्यांना ते सापडलं.

रामानं रिकाम्या पत्रावळ्या गोळा केल्या. संध्याकाळी गावकुसाबाहेर निरोप गेला की अन्न उरलंय, येऊन घेऊन जा.

आप्पा त्या रात्री काय करत होते मला ठाऊक नाही. पण पुढच्या बुधवारी ते बाजारात आले आणि शेंगा घेतल्या नाहीत. कचेरीतही तांब्याचं फडकं दिवसभर सुटलं नाही. एकदा खोटं बोलले होते, ते खरं करायचा त्यांनी घाट घातला होता. आधी गाव हसलं, मग गावाला सवय झाली. "आप्पांची निर्जळी" हा गावाच्या पंचांगातला एक वार होऊन बसला. मला ते फक्त एकदा बोलले, वही माझ्या हाती देताना. "हात वर आलाच न्हाई, पंत. म्या वडत होतो त्याला. आला न्हाई." फाटकासमोरच्या लिंबाखाली ते परत कधी उभे राहिले नाहीत.

महिना संपला. ठराव मीच लिहिला. रिआयाच्या मजहबी जज्बातांचा, म्हणजे प्रजेच्या धर्मभावनांचा, खयाल करून मजकूर इसमास कामावरून दूर करण्यात येत आहे. अक्षर चांगलं आलं होतं, तहसीलदारांनी तारीफ केली. रामाला वाचून दाखवायचं काम माझ्याकडंच आलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग रांजन उद्याच्याला कोन घासनार?"

पावसाळाभर तो गावातच कुठंकुठं दिसायचा. ठाण्याच्या यादीत नाव गेलंच होतं. दिवाळीनंतर एके दिवशी भर दुपारी त्यानं तहसिलीच्या ओट्यावरचा सरकारी कंदील उचलला. पळाला नाही. कंदील हातात घेऊन सरळ ठाण्यात गेला आणि पायरीवर बसून राहिला. साहेब जेवायला गेले होते, त्यांची वाट बघत. त्याला एक वर्षाची सजा झाली.

दुसऱ्या वर्षी चैत्रात पाणपोई उघडली तेव्हा रामा तिथं होता. पायात बेडी, कमरेला साखळी, बाजूला जमादार विडी ओढत. रांजणात वाळा. आणि लोकांची रांग. मी खोटं सांगत नाही, पहिल्याच दिवशी पाचही रांजण दुपारपर्यंत तळाला गेले. कापडवाल्यांची घागर पुन्हा तिथून भरू लागली. बायका पुन्हा म्हणू लागल्या, रामाच्या हाताला गोडी आहे.

त्यानंतरच्या बुधवारी भर बाजारात मी आप्पांना पाहिलं. छत्री होती. डाव्या हाताकडं माझं लक्ष गेलं, आणि मी जागच्या जागी थांबलो. तांब्या नव्हता. इतक्या वर्षांत तो हात रिकामा मी पहिल्यांदा पाहत होतो. आप्पा रांगेत उभे राहिले, खेडुतांच्या मागं, उन्हात. कुणी म्हणालं, "पुढं या की, आप्पा," पण ते गेले नाहीत. त्यांची पाळी आली. त्यांनी छत्री काखेत धरली, वाकले आणि ओंजळ पुढं केली. हात या खेपेला वर आले होते.

रामानं ओगराळं भरून उचललं आणि मध्येच थांबला.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "आज बुधवार हाय न्हवं. तुमची निर्जळी हाय."

त्यात टोमणा असता तर मी आज सुखानं झोपलो असतो. टोमणा नव्हता. त्या वेड्याला खरंच वाटत होतं की आप्पांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि आपल्या हातानं त्यांचा उपास मोडू नये. आप्पांनी तोंड उघडलं. काय सांगणार होते? तो उपास खोटा होता म्हणून? त्यांची ओंजळ तशीच राहिली, कोरडी.

"सरका की, आप्पा," मागून कुणीतरी म्हणालं. "तहान लागलीया."

आप्पा सरकले. मागचा माणूस पुढं आला, वाकला, ओंजळ धरली. रामानं एक थेंब न सांडता त्याला पाणी घातलं. तो पोटभर प्याला, मिशा पुसल्या आणि बाजारात निघून गेला.